दहा घरांचा राखणदार

त्याला नाव देण्यात अर्थ नाही. सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्सच्या कुठल्याही गावात डोकवा, तो तिथे आहेच. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. अंगात करडा नाहीतर तपकिरी कोट. चित्रांत रंगवतात तसा काळाभोर कोट रोज घालायची त्याची ऐपत नाही, कारण पक्का काळा रंग महाग. चेहरा असा, की हा गृहस्थ शुभवर्तमान सांगायला आला तरी समोरच्याने 'आमचं काय चुकलं?' असंच विचारावं. तुमच्या घरी आला की तो तुमच्याशी बोलतो आणि तुमच्या चुलीकडे बघतो. चुलीवर काय शिजतंय, ते किती वाजता शिजतंय आणि शिजवणारीने केस टोपीत नीट कोंबलेत का, हे सगळं त्याला उंबरठ्यावरूनच कळतं.

हुद्द्याने तो टाइदिंगमन. १६७७ साली मॅसॅच्युसेट्सने कायदाच केला, की गावच्या पंचांनी दर दहा-बारा कुटुंबांमागे एक सज्जन नेमावा आणि त्याने शेजाऱ्यापाजाऱ्यांवर लक्ष ठेवावं. अधिकाराची खूण म्हणून त्याला दोन फूट लांबीची काळी काठी, टोकाला तीनेक इंच पितळ. शब्बाथ कोणी मोडला, परवान्याशिवाय कोणाच्या घरी दारू विकली जाते, कोणाचा पोरगा किंवा नोकर उलट बोलतो, अपरात्री कोण हिंडतं, ही सगळी नावं त्याने वर कळवायची. एकटं राहणाऱ्यांचीसुद्धा. सड्या माणसाने कुठल्या तरी कुटुंबाच्या शिस्तीत राहावं असा दंडक होता. एकटा राहिला की सैतानाला बिनभाड्याची खोली मिळाली, असा हिशेब. आपल्याकडे 'चार लोक काय म्हणतील' एवढ्या धाकावर काम भागतं. मॅसॅच्युसेट्सने त्या चार लोकांना रीतसर नेमणूकपत्र दिलं होतं.

काठी १६७७ची, पण माणूस १६३०चा. वसाहतीचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप 'आर्बेला' जहाजातून निघाला आणि त्याच्यासोबत व मागून दहा वर्षांत वीसेक हजार माणसं न्यू इंग्लंडात आली, त्यांतच तो होता. इंग्लंडात या प्युरिटनांवर आर्चबिशप विल्यम लॉडच्या माणसांचा पहारा असे. पाळकाने पांढरा झगा घातला का, प्रभुभोजनाला गुडघे टेकले का, बाप्तिस्म्याच्या वेळी कपाळावर क्रूसाची खूण केली का? या पहाऱ्याला विटून बिचारे तीन हजार मैल समुद्र ओलांडून आले. आल्यावर मंडळी स्थापन केली आणि मंडळीच्या करारात एकमेकांना वचन दिलं, की आपण परस्परांवर पवित्र नजर ठेवू. लॉडकडे पगारी हेर होते. यांच्याकडे प्रत्येक जण बिनपगारी, आणि बिनपगारी माणूस कामचुकारपणा करत नाही.

आपला गृहस्थ मनापासून खूश झाला तो त्या दिवशी. इंग्लंडात शेजाऱ्याच्या घरात डोकावलं की लोक त्याला भोचक म्हणत. इथे तेच धर्मकार्य ठरलं.

त्याला पाहायचा तो रविवारी. खरं म्हणजे शनिवारी मावळतीपासून, कारण शब्बाथ तेव्हाच लागतो. ऊन उतरलं की तो रस्त्याने एक फेरी मारतो. कोणाच्या अंगणात कुऱ्हाड वाजली, की हा कुंपणाशी थांबतो आणि आभाळाकडे बघतो. बोलत काहीच नाही. कुऱ्हाड आपोआप थांबते. 'एवढा एकच ओंडका होता हो,' आतून आवाज. 'नरकात लाकडं भरपूर आहेत,' असं म्हणून हा पुढे. याला तो विनोद समजत नाही. त्याच्या मते ही माहिती आहे.

सकाळी ढोल वाजतो, कुठे शंख फुंकतात, आणि गाव मीटिंगहाऊसकडे निघतं. त्या इमारतीला चर्च म्हणायचं नाही. चर्च म्हणजे माणसांची मंडळी, इमारत म्हणजे नुसतं छप्पर. त्याच छपराखाली रविवारी देवाचं काम आणि एरवी गावसभा. आत क्रूस नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही, वाद्य नाही, आणि शेगडीही नाही. बोस्टनचे न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल यांनी १६८६च्या जानेवारीतली एक नोंद रोजनिशीत केली आहे. थंडी अशी, की प्रभुभोजनाची भाकर गोठून टणक झाली आणि मोडून ताटात टाकताना खडखडली. मंडळी तरीही हलली नाही. हलणार कशी, दाराशी आपला गृहस्थ उभा.

कोणी कुठे बसायचं हे समिती ठरवते. वय, मालमत्ता, गावातलं वजन सगळं जोखून. देवापुढे सगळे सारखे, पण देवापासून किती अंतरावर सारखे, ते समितीच्या हाती. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या, आणि पोरं जिन्यावर नाहीतर माडीवर एकत्र कोंबलेली. जगातली सगळी कार्टी एका जिन्यावर बसवायची आणि त्यांनी तीन तास गप्प राहावं अशी अपेक्षा ठेवायची, ही कल्पना ज्या समितीची, तिला पोरं नसावीत.

पाळक व्यासपीठावर चढतो आणि वाळूचं घड्याळ उलटं करून ठेवतो. वाळू संपली की एक तास झाला. मंडळीतल्या नवख्यांना वाटतं, संपलं. पाळक शांतपणे घड्याळ पुन्हा उलटं करतो. त्या क्षणी सबंध मीटिंगहाऊसमधून जो श्वास बाहेर पडतो, तो आपल्या गृहस्थाने अचूक टिपलेला असतो. कोणत्या बाकावरून किती लांब आला, त्यासकट. मग त्याची गस्त सुरू. काठी हातात, चाल मांजराची. तिसऱ्या बाकावर एका लोहाराची मान हळूहळू पुढे येते, छातीला टेकते, दचकून वर येते, पुन्हा निघते. आठवडाभर ऐरणीवर घण घातलेला माणूस तो. आपला गृहस्थ त्याच्यामागे येऊन उभा राहतो, घाई करत नाही. झोप पुरती लागू देतो, कारण अर्धवट झोपलेला माणूस 'मी डोळे मिटून चिंतन करत होतो' असा बचाव करू शकतो. घोरण्याचा पहिला सूर लागला, की पितळी टोक खांद्यावर. लोहार उठून उभाच राहतो आणि म्हणतो, 'आमेन.' प्रवचन त्या वेळी नरकाच्या वर्णनावर आलेलं असतं.

या काठीच्या दुसऱ्या टोकाला कोल्ह्याची शेपटी असे आणि तिने झोपलेल्या बायकांच्या नाकाला गुदगुल्या करत, असं पुढच्या पिढ्यांनी रंगवून सांगितलं आहे. कायद्यात फक्त पितळ आहे. शेपटी बहुधा लोहाराच्या नातवंडांनी जोडली असावी.

दुपारी जेवणापुरती सुटी आणि मग दुसरं प्रवचन. आपला गृहस्थ दोन्ही वेळा उभा. त्याला कधी झोप येत नाही का? येते. पण उभ्याने, डोळे उघडे ठेवून झोपण्याची कला त्याला साधली आहे. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक आहे, आणि तिने ते पाळकाला सांगितलेलं नाही. त्यांच्या सुखी संसाराचं रहस्य एवढंच.

आठवड्याचे उरलेले सहा दिवस तो कपडे, केस आणि बिलं यांच्यामागे असतो. कपड्यांचे कायदे त्याला तोंडपाठ. १६३४ साली सोन्याचांदीच्या कलाबतूवर बंदी आली, आणि प्रत्येक बाहीला एकच चीर व पाठीवर एक, यापेक्षा जास्त चिरा असलेला पोशाख नको असं ठरलं. त्यामुळे हा समोरच्याचा नमस्कार घेता घेता चिरा मोजतो. १६५१ साली नियम झाला, की ज्याची मालमत्ता २०० पौंडांहून कमी त्याने असली कलाबतू, रेशमी ओढण्या आणि मोठे बूट घालू नयेत. म्हणजे रेशीम हे पाप आहेच, पण २०० पौंडांच्या वर ते उतरतं. ही गोम त्याच्या लक्षात येत नाही, कारण त्याचं सगळं लक्ष शेजारणीच्या ओढणीवर.

लांब केस आणि केसांचे टोप यांवर तर त्याचा विशेष राग. १६७५ साली तिथल्या मूळ रहिवासी इंडियनांशी भीषण युद्ध पेटलं, गावंच्या गावं जळाली. तेव्हा जनरल कोर्टाने, म्हणजे वसाहतीच्या विधिमंडळाने, देव कशाने कोपला याची यादी केली. यादीत पुरुषांचे लांब केस आहेत, टोप आहेत, बायकांच्या बटा आहेत, प्रार्थना संपायच्या आत उठून जाणारे आहेत. ज्यांच्या जमिनी घेतल्या त्या इंडियनांचा राग मात्र देवाच्या रागाइतका महत्त्वाचा वाटला नाही. आपल्या गृहस्थाने ती यादी ऐकली आणि पहिल्यांदा त्याचे डोळे पाणावले. आयुष्यभर तो न्हाव्याच्या दुकानासमोर उभा राहून हेच सांगत आला होता.

शिक्षा करताना कोर्टाची प्रतिभा फुलायची. जोसायस प्लेस्टोव नावाच्या सभ्य गृहस्थाने इंडियनांच्या मक्याच्या चार टोपल्या चोरल्या. १६३१ साली निकाल लागला: मका दुप्पट परत करावा, दंड भरावा, आणि यापुढे त्याला 'मिस्टर' न म्हणता नुसतं जोसायस म्हणावं. थोडक्यात, नावापुढचा 'राव' जप्त. बोस्टनला खोडा हवा होता, तो एडवर्ड पामर या सुताराने १६३९ साली बनवून दिला आणि फळ्या-मजुरीचं बिल लावलं १ पौंड १३ शिलिंग ७ पेन्स. कोर्टाला बिल फुगवलेलं वाटलं. दंड झाला आणि वर तासभर खोड्यात बसायची शिक्षा. सुताराला आपलं काम किती पक्कं झालंय हे आतून तपासायची संधी क्वचितच मिळते.

त्याच वर्षी रॉबर्ट कीन या व्यापाऱ्याला जास्त नफा घेतल्याबद्दल २०० पौंडांचा दंड झाला. पुढे तो ८० वर आला. कीनने मंडळीपुढे रडून पाप कबूल केलं आणि घरी जाऊन हिशेब मांडत बसला, की आपण कसे बरोबर होतो. हे हिशेब पुढे त्याच्या मृत्युपत्रात उतरले. ते दीडशेहून जास्त पानांचं आहे. याच कीनवर शर्मन नावाच्या बाईने आपली हरवलेली डुकरीण त्याने मारून खाल्ल्याचा आरोप केला. प्रकरण १६४२ साली जनरल कोर्टापर्यंत गेलं. बडे न्यायाधीश कीनच्या बाजूचे, गावोगावचे प्रतिनिधी बाईच्या. दोन्हीकडचे एवढे हातघाईवर आले, की १६४४ साली त्यांना वेगवेगळ्या सभागृहांत बसवावं लागलं. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला दोन सभागृहं आहेत ती अशी. आपला गृहस्थ त्या काळात डुकरिणीच्या कानावरची खूण सगळ्यांना समजावून सांगत गावभर फिरत होता.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की असा माणूस पापी लोकांचा काळ असणार. तसं अजिबात नाही. पापी लोकांशी त्याचं उत्तम जमतं. दारूड्यावर त्याचा जीवच आहे म्हणा ना. दारूडा दर आठवड्याला सापडतो, मान खाली घालतो, दहा शिलिंग भरतो, पुढच्या आठवड्याला पुन्हा सापडतो. राखणदाराला याहून सोयीचा माणूस कोणता? पापाला दरपत्रक आहे. प्रार्थनेला गैरहजर, पाच शिलिंग. शिवीगाळ, दहा. ख्रिसमस पाळला तर पाच. हा कायदा १६५९ सालचा, आणि तो लंडनच्या दबावाखाली १६८१ साली मागे घ्यावा लागला. ख्रिसमसची तारीख बायबलात नाही, त्यामुळे तो सण पोपच्या घरचा. शेजारच्या प्लिमथ वसाहतीत तर १६२१ सालीच एक गंमत झाली होती. नव्याने आलेल्या काहींनी गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डला सांगितलं, की ख्रिसमसला काम करणं आमच्या सद्सद्विवेकाला पटत नाही. ब्रॅडफर्डने त्यांना सोडलं आणि बाकीच्यांना घेऊन कामावर गेला. दुपारी परतला तर हे विवेकवंत रस्त्यात चेंडू खेळताहेत. ब्रॅडफर्डने खेळाचं सामान काढून घेतलं आणि म्हणाला, बाकीचे राबत असताना तुम्ही खेळावं हे माझ्या सद्सद्विवेकाला पटत नाही. घरात बसून भक्ती करायची तर करा.

तर पापाचा असा हसत-रुसत निकाल लागतो. आपल्या गृहस्थाची झोप उडते ती वेगळ्याच माणसामुळे: जो त्याच्यापेक्षा जास्त धार्मिक आहे. दारूड्याच्या खांद्यावर काठी टेकवता येते. पण जो प्रवचनात पूर्ण जागा आहे, एकेक शब्द ऐकतो आहे, आणि संपल्यावर उठून म्हणतो, 'पाळकबुवा, तुमचं तिसरं वाक्य बायबलात बसत नाही,' त्याच्या खांद्यावर काय टेकवणार?

असा पहिला डोंगर म्हणजे रॉजर विल्यम्स. १६३१ साली तरुण पाळक म्हणून आला. बोस्टनच्या मंडळीने त्याला मानाने बोलावलं. हा म्हणाला, तुम्ही इंग्लंडच्या चर्चशी पुरतं नातं तोडलेलं नाही, मी येत नाही. ज्यांना सगळ्या इंग्लंडने अति सोवळं ठरवलं होतं, त्यांना पहिल्यांदा कोणीतरी ओवळं ठरवत होतं. पुढे तो म्हणाला, राजाने ही जमीन तुम्हाला दिली असेल, पण ती राजाची होती कधी? इंडियनांची होती. आणि वर हे, की श्रद्धेच्या बाबतीत शिक्षा करायचा सरकारला अधिकारच नाही. १६३५च्या ऑक्टोबरात त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १६३६च्या जानेवारीत जहाजात घालून परत पाठवण्याचा बेत होता, तर हा आधीच बर्फातून निसटला, इंडियनांच्या आसऱ्याला राहिला आणि प्रॉव्हिडन्स हे गाव वसवलं. तिथे तो बाप्टिस्ट झाला आणि काही महिन्यांत त्यातूनही बाहेर पडला. विन्थ्रॉपने नोंदवून ठेवलं आहे, की शुद्ध माणसं शोधता शोधता याला प्रभुभोजनासाठी फक्त स्वतःची बायको पात्र वाटू लागली. बायकोला तो पात्र वाटत होता का, याची नोंद नाही.

पण या माणसाची खरी गंमत पुढे आहे. शुद्धतेच्या टोकाला जाऊन त्याने ओळखलं, की शुद्ध मंडळी पृथ्वीवर जमवता येत नाही. मग गावात कोणीही या, कसंही भजा, असं त्याने ठरवलं. क्वेकर पंथाचे लोक त्याला मुळीच पटत नसत. सत्तरीच्या घरात असताना १६७२ साली तो स्वतः होडी वल्हवत न्यूपोर्टला गेला आणि तीन दिवस त्यांच्याशी भांडला. भांडून घरी आला. कोणाला खोड्यात घालावं असं त्याला सुचलंसुद्धा नाही. आपल्या गृहस्थाला ही गोष्ट कोणी सांगितली तेव्हा त्याने विचारलं, 'मग एवढं वल्हवत गेला कशाला?'

दुसरी ॲन हचिन्सन. १६३४ साली आली. बाळंतपणं करणारी, औषधं देणारी, बायबल तोंडपाठ असलेली. घर विन्थ्रॉपच्या घरासमोरच. तिने रविवारच्या प्रवचनावर चर्चा करायला घरी बायका जमवल्या. प्रवचन ऐकून बायका घरी त्यावर बोलतात, याहून मोठं भाग्य पाळकाचं कोणतं? पण साठ-ऐंशी जणी जमू लागल्या, मग पुरुषही, मग तरुण गव्हर्नर हेन्री वेनसुद्धा. आणि बाई म्हणू लागल्या, की एक-दोघे सोडले तर आपले पाळक देवाच्या कृपेऐवजी माणसाच्या कर्मांवर भरवसा ठेवायला शिकवतात. प्युरिटन पाळकाला याहून मोठी शिवी नव्हती.

आपला गृहस्थ त्या काळात विलक्षण दुःखी होता. या बाईंना कुठल्या कलमात बसवायचं? प्रवचन चुकवत नाहीत. दारू नाही, बटा नाहीत, ओढणी साधी. त्याने दोन वेळा चुलीकडे नजर टाकली. तिथे कोणा आजाऱ्यासाठी पेज शिजत होती. १६३७च्या नोव्हेंबरात न्यूटाउनला खटला उभा राहिला. तिथेही ती वचनाला वचन देत राहिली. शेवटी तिने, देव मला थेट सांगतो, असं सांगून टाकलं आणि कोर्टाने सुटकेचा श्वास सोडला. हद्दपारी जाहीर झाली. मला कशासाठी घालवता, असं तिने विचारलं तेव्हा विन्थ्रॉपचं उत्तर होतं, की ते कोर्टाला माहीत आहे आणि कोर्टाचं समाधान झालं आहे. पुढच्या मार्चमध्ये मंडळीनेही तिला वाळीत टाकलं. तिच्या बाजूच्या बोस्टनमधल्या ५८ पुरुषांची हत्यारं काढून घेण्यात आली. पुढे डुकरिणीच्या भांडणातही ही वेळ आली नाही.

मग १६५६ साली क्वेकर आले. ते कोणापुढे टोपी काढत नसत, शपथ घेत नसत, प्रवचनाच्या मध्येच उठून बोलत. घालवलं की परत येत. दंड, फटके, कान कापणं, सगळं झालं. १६५८ साली कायदा झाला, की हद्दपार केलेला क्वेकर परतला तर फाशी. विल्यम रॉबिन्सन आणि मार्मड्यूक स्टीव्हन्सन यांना १६५९च्या ऑक्टोबरात फासावर चढवलं. त्यांच्यासोबत फाशीखाली उभ्या केलेल्या मेरी डायरला आयत्या वेळी सोडून दिलं. ती पुढच्या वर्षी पुन्हा बोस्टनला आली. १ जून १६६० रोजी तिला फाशी दिली. इथे विनोद थांबतो. काठीचं टोक पितळी असो वा नसो, ती शेवटी कुठवर पोचते ते इथे दिसतं.

१६६१ साली विल्यम लेड्रालाही फाशी झाली, आणि मग राजा दुसरा चार्ल्स याने हे थांबवा असं पत्र पाठवलं. पत्र आणायला निवडला सॅम्युएल शॅटक, बोस्टनने फाशीच्या धाकाने घालवलेला सेलमचा क्वेकर. पुढचा प्रसंग क्वेकर मोठ्या चवीने सांगत. शॅटक गव्हर्नर जॉन एंडिकॉटसमोर टोपी घालूनच उभा राहिला. गव्हर्नरने ती काढून घ्यायला लावली. मग राजाचं पत्र पुढे आलं. राजाच्या दूतापुढे गव्हर्नर टोपी घालून कसा बसणार? शॅटकची टोपी परत त्याच्या डोक्यावर गेली आणि गव्हर्नरने स्वतःची काढली. आपला गृहस्थ दाराशी होता. त्याने आपल्या टोपीला हात लावला आणि तो तसाच राहिला. काढायची की ठेवायची, हे कोणी सांगितलं नव्हतं.

१६९२ साली सेलममध्ये चेटकाचं खूळ उठलं, तेव्हा या गृहस्थाच्या तर्कशास्त्राने कळस गाठला. ज्यांनी 'हो, मी चेटकीण' असं कबूल केलं आणि त्यावर ठाम राहिले, ते फासावरून वाचले. ज्यांनी खोटं बोलायला नकार दिला त्यांतले १९ जण फाशी गेले. त्यांत एकाहत्तर वर्षांची रिबेका नर्स होती; आयुष्यात तिचं एकही प्रवचन चुकलं नसावं अशी तिची ख्याती. त्या कोर्टावर गोठलेल्या भाकरीवाले सॅम्युएल स्यूअल बसले होते. १६९७च्या जानेवारीत, उपासाच्या दिवशी, ते मंडळीत उभे राहिले आणि पाळकाने त्यांचा कबुलीजबाब वाचून दाखवला, की दोष माझ्याकडे घेतो. दुसऱ्याला उभं करणारे तिथे पुष्कळ होते. आपण होऊन उभा राहिलेला न्यायाधीश हा एकच. पुढे म्हातारपणी त्यांनी एका विधवेला मागणी घातली, साखरेत घोळलेले बदाम नेऊन दिले. बाईने केसांचा टोप आणि घोडागाडी मागितली. स्यूअल त्या लग्नाला मुकले, पण टोप घातला नाही. सुधारला म्हणून माणूस किती सुधारणार?

या गृहस्थाचे वंशज आपल्याकडेही आले होते. मॅसॅच्युसेट्सच्या याच परंपरेतल्या मंडळ्यांनी धाडलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. त्यांतून पुढे अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं आणि १८४२ साली अहमदनगरला 'ज्ञानोदय' सुरू झालं. पण उतरल्या उतरल्या त्यांच्या हाती काय पडलं? ईस्ट इंडिया कंपनीचा हुकूम: इथे राहता येणार नाही, चालते व्हा. आपली श्रद्धा सांगायला आलेल्या माणसाला सरकारने घालवू नये, असे अर्ज त्यांनी कंपनीकडे केले. रॉजर विल्यम्सने मॅसॅच्युसेट्सला तेच सांगितलं होतं. आणि त्या वेळी खुद्द मॅसॅच्युसेट्समध्ये पाळकांचा पगार सरकारी करातून जात होता. ती पद्धत बंद व्हायला १८३३ साल उजाडलं.

आपल्या गृहस्थाला राक्षस म्हणायचं कारण नाही. तो प्रामाणिक होता, शेजारी आजारी पडला तर पहिला धावून जाणारा होता, आणि चुलीकडे बघता बघता लाकडं संपली आहेत हेही त्यालाच पहिलं दिसायचं. त्याला फक्त एक गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे जागा माणूस. मॅसॅच्युसेट्सने रॉजर विल्यम्सची हद्दपारी मागे घेतली १९३६ साली, तीनशे वर्षांनी. ॲन हचिन्सनला १९८७ साली गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी माफी दिली, साडेतीनशे वर्षांनी. दारूड्याचा हिशेब मात्र दहा शिलिंगांत तिथल्या तिथे मिटत असे.